बॅरीची बडतर्फी

जगभर पसरलेल्या कंपन्यांच्या भावी धुरीणांना नेतृत्वाचे पाठ देता यावेत म्हणून कॅलिफोर्नियातील टेलस्पिन नामक कंपनीने २०१९ साली बॅरी नावाचा एक वयस्कर नोकरदार संगणकाच्या साहाय्याने निर्माण केला आणि त्याच्याकडे एकच कामगिरी सोपविली: येईल त्या साहेबाच्या हातून बडतर्फ होणे. डोळ्यांवर आभासी वास्तवाच्या हेडसेटची झापड चढवून प्रशिक्षणार्थी साहेब आसनस्थ झाले, की समोर बॅरी प्रकट होतो. फर्मान ऐकविताना साहेबांची भाषा किंचित चुकली, तर तो खवळून ओरडतो किंवा ओंजळीत तोंड लपवून रडू लागतो, आणि मग साहेबांनी अधिक सहृदय मुद्रेने तेच फर्मान पुनश्च ऐकवावयाचे असते. पाठच बडतर्फीचा असल्यामुळे, बॅरीला कामावर राहू द्यावे की काय, हा प्रश्न अर्थातच अभ्यासक्रमाबाहेरचा. निवृत्तिवेतन नाही, नुकसानभरपाई नाही. दुसऱ्या साहेबांसाठी तो बिनतक्रार पुन्हा रुजू होतो.

लुटूपुटूच्या सरावाच्या या विद्येची वंशावळ तशी घरंदाज आहे. प्रशियाच्या सैन्यातील अंमलदार १८२४च्या सुमारास नकाशावर ठोकळे सरकवून लढाया मारीत, आणि १९५७ साली अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने आयबीएमच्या संगणकावर बड्या व्यवस्थापकांकडून काल्पनिक कंपन्या चालवून घेतल्या. ठोकळे धारातीर्थी पडले तरी रडत नसत, एवढीच काय ती त्या काळची उणीव!

ॲक्सेंचर कंपनीने २०२१ साली, मुख्यत्वे नवागतांच्या स्वागतासाठी, असे ६०,००० हेडसेट मागविल्याचे जाहीर केले. पुढे मार्च २०२३ मध्ये तिनेच १९,००० जागा कमी करण्याचा मनसुबाही जाहीर केला. या दोहोंत कार्यकारणभाव आहे, असा आमचा मुळीच दावा नाही. परंतु आगमन व निर्गमन या उभय विधींची सोय एकाच झापडीतून होऊ शकते, ही काटकसर हिशेबनिसांच्या नजरेतून निसटू नये, इतकेच.

आमची मात्र एक नम्र दरखास्त आहे. पुढील सुधारित आवृत्तीत बॅरीला रडण्याऐवजी, चष्मा पुसत पुसत, अगदी शांतपणे विचारता यावे, की साहेब, या काटकसरीत वरिष्ठांच्या बोनसाचाही समावेश आहे ना? आणि या प्रश्नाला उत्तर देण्याची तालीम खालच्या व्यवस्थापकांच्या गळ्यात न घालता थेट संचालक मंडळाच्या अध्यक्षांपासून सुरू करावी. हेडसेटचा तुटवडा पडेल, असे दिसत नाही.