टेपची राखण

कारखान्यांचं गाळप सुरू झालं की शाहूवाडी तालुक्यात ट्रॅक्टर आधी ऐकू येतो, मग दिसतो. सोनवडे-बांबवडे नाहीतर वारणानगरच्या वाटेला लागलेल्या दोन ट्रॉल्यांचे रिफ्लेक्टर उसाच्या पाल्यात बुडालेले असतात. ब्रेकविषयी चालकाला काही विचारू नये. हुडाखालचे स्पीकर आणि सीटमागचा ॲम्प्लिफायर मात्र ठणठणीत. मलकापुरात चहाच्या गाड्यावर बसलेला माणूस मान वर न करता सांगतो, ‘आला आमचा पाव्हणा.’ गाण्यावरून ट्रॅक्टर आणि आवाजावरून मालकाची ऐपत ओळखली जाते.

दिवसभर अख्ख्या तालुक्याला ऐकवलेली ही सिस्टीम रात्री मात्र कुणाच्या नजरेला पडू नये, अशी मालकाची इच्छा असते. मग स्पीकरवर गोणपाट येतं, गोणपाटावर ताडपत्री येते आणि ताडपत्रीवर भाचा झोपतो. चोराला हुडकायचं कामच उरत नाही. भाचा दिसला, की खाली टेप आहेच.

या राखणीला परंपरा आहे. वडापच्या जीपगाड्यांना टेप लागला तेव्हापासून चालक मंडळी सावध झाली. बॅटरीच्या वायरमध्ये सीटखाली एक चोरस्विच बसवायचा, हा तेव्हाचा हुकमी उपाय. तो इतका गुप्त असे, की बदली चालकालाही सापडत नसे आणि प्रवासी उतरून धक्का मारत. पुढं सुटं पॅनेल असलेले टेप आले. पुढची पट्टी काढून खिशात घालायची. मागं राहिलेला डबा चोराच्या उपयोगाचा नाही, असा हिशेब. लग्नात अक्षता टाकताना खिशातून पॅनेल डोकावतंय, असे वऱ्हाडी तेव्हा पुष्कळ दिसत. हा उपाय खरंच चांगला होता. पण पॅनेल उचलून नेण्याचा आळस माणसाला महिनाभरात येतो, आणि मग ते डॅशबोर्डच्या कप्प्यात, म्हणजे टेपपासून वीतभर अंतरावर सुरक्षित ठेवलं जातं.

मग आला अलार्म. त्यातला धक्का ओळखणारा सेन्सर चोराची वाट बघत बसत नाही. विजेचा कडकडाट, बोनेटवर उडी मारणारं मांजर, गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बी, सगळ्यांना तो सारखाच मान देतो. पहिल्या रात्री अलार्म वाजला की आळी जमते. चौथ्या रात्री नुसती शिवी ऐकू येते. खरा चोर पाचव्या रात्री आला, तर त्याच्याही वाट्याला तेवढीच.

जीपीएस ट्रॅकरचं वेगळंच. गाडी कुठं आहे हे त्याला उपग्रहांमुळं कळतं, पण ते मालकाच्या मोबाईलला कळवायला आतलं सिमकार्ड आणि नेटवर्क लागतं. गाडी आंबा घाटाच्या एखाद्या वळणात शिरली आणि रेंज गेली, की गाडी कुठं आहे हे फक्त ट्रॅकरला आणि चोराला ठाऊक.

त्यातल्या त्यात भरवशाचा गडी म्हणजे इमोबिलायझर. चावीतल्या चिपचा संकेत जुळल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. तो नसला की काय होतं, हे अमेरिकेनं पाहिलं. किआ आणि ह्युंदाईच्या काही गाड्यांत तो बसवलेलाच नव्हता. पोरांनी स्टिअरिंगखालचं झाकण उचकटलं, चावीच्या जागी यूएसबी केबलचं टोक अडकवलं, गाड्या पळवल्या आणि २०२२ मध्ये त्याचे व्हिडिओ टिकटॉकवर गाजले. म्हणजे ज्या वायरीनं आपण गाणी लावतो, तिनं गाडीच सुरू झाली. कंपन्यांनी सॉफ्टवेअर बदलून दिलं, आणि सोबत स्टिअरिंगला अडकवायचं लोखंडी कुलूप फुकट वाटलं. एवढं विज्ञान होऊन शेवटी गोष्ट कुलपावरच आली. जुना ट्रॅक्टर पळवायला तर यूएसबी केबलचीही गरज नाही. शेजाऱ्याची चावी चालते.

तरीही चोरी झालीच आणि पोलीस ठाण्यात गेलं, की खरी गंमत सुरू होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणं साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद. मात्र ऐवज ५ हजारांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि ऐवज परत केलेला असेल, तर शिक्षा समाजसेवेची. पण माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनातून वस्तू चोरली, तर कलम ३०५ लागतं आणि कैद ७ वर्षांपर्यंत जाते. दारातल्या खाजगी मोटारीपेक्षा उसाच्या ट्रॅक्टरवरचा स्पीकर कायद्यालाही मोलाचा वाटतो, हे ऐकून ट्रॅक्टरवाल्याची छाती फुगते. ती फार वेळ फुगलेली राहत नाही. तोच स्पीकर ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठ्यानं वाजवला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १० हजारांपर्यंत दंड आहे. त्यामुळं तक्रार लिहिताना सिस्टीम भारी होती म्हणायचं की बेताची, हे त्याला ठरवता येत नाही.

पुढचा प्रश्न बिलाचा. ॲम्प्लिफायर सेकंड हँड, स्वस्तात, बिलाशिवाय घेतलेला. तो आधी कुणाच्या गाडीत वाजत होता, हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि घेणाऱ्यानं विचारलं नाही. अशा गिऱ्हाइकांमुळंच तर चोराचा धंदा चालतो. सिरियल नंबर लिहून ठेवला असता, दोन फोटो काढले असते, तर निदान ओळख पटवता आली असती. मोबाईलमध्ये फोटो शेकड्यानं आहेत, पण सगळ्यांत मालक स्वतः पुढं उभा आहे.

विमा कंपनीचा हिशेब आणखी रोखठोक. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिक वस्तूंची किंमत आधी सांगायची आणि जुन्या मोटार टॅरिफच्या दरानं वर्षाला तिच्या ४ टक्के भरायचे. ५० हजारांच्या सिस्टीमला २ हजार. ‘नाद खुळा’ लिहायला रेडियम आर्टवाल्याला तेवढे सहज मोजणारा माणूस इथं मात्र हात आखडतो. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं, तर त्याच टॅरिफनं सूट दिली होती. ती अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये.

आणि टेपसकट गाडीच गेली, तर पोलिसांकडून तपास न लागल्याचा अहवाल येईपर्यंत थांबायचं. मग कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक मालकाच्या करदोट्याला असते. दुसरी कुठं आहे, हे तो सर्व्हेअरला फार हळू आवाजात सांगतो: ‘गाडीतच हाय. टेपच्या खालच्या कप्प्यात.’