सूदिंग म्युझिक, साडेसहा बँड

महाराष्ट्राच्या तरुण पिढीला कोणतं संगीत आवडतं हे शोधायचं असेल तर लग्नाच्या वराती बघू नयेत, यूट्यूबवरचे आकडे बघू नयेत आणि गणपतीच्या मिरवणुकीच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नये. तिथे दिशाभूल होते. खरी माहिती मिळण्याचं ठिकाण एकच, आयल्ट्सच्या स्पीकिंग टेस्टची खोली. आत जाणारा प्रत्येक जण परीक्षकाला सांगून येतो की मला 'सूदिंग म्युझिक' आवडतं. दिवसभराच्या दगदगीनंतर मी ते ऐकतो, त्याने माझा स्ट्रेस जातो आणि मन 'रिज्युव्हनेट' होतं. बुलढाण्याचा इंजिनीअर, इचलकरंजीची नर्स, विरारचा बी.कॉम., सगळे एकाच वाद्याने, एकाच वाक्यात रिज्युव्हनेट होतात. वारी सोडली तर एवढी एकवाक्यता या राज्यात दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही.

ज्यांच्या घरात अजून कोणाची व्हिसाची फाइल उघडलेली नाही, अशा सुदैवी वाचकांसाठी थोडी माहिती. ही परीक्षा १९८९ पासून चालू आहे. शिकायला किंवा नोकरीला इंग्रजी मुलखात जायचं तर वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण या चार पायऱ्या चढाव्या लागतात. गुण शून्य ते नऊ, आणि त्यांना बँड म्हणतात. संभाषण ११ ते १४ मिनिटांचं. नाव, गाव, ओळखपत्र झालं की ओळखीच्या विषयांवर साधे प्रश्न येतात: घर, हवामान, बूट, चॉकलेट आणि अर्थातच संगीत. मग एक कार्ड हातात मिळतं. एक मिनिट कागद-पेन्सिल घेऊन विचार करायचा आणि पुढची दोन मिनिटं परीक्षक थांबवेपर्यंत बोलत राहायचं. शेवटी जरा भारदस्त चर्चा, म्हणजे संगीताने समाज जोडला जातो का, शाळेत ते सक्तीचं असावं का, वगैरे. गुणांची खाती चार आणि चारही सारख्या वजनाची: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. 'अभिरुची' नावाचं पाचवं खातं नाही. तुम्ही बाख ऐका नाहीतर बेंजो पार्टी, परीक्षकाच्या लेखी दोन्ही एकच.

पण हे परीक्षकाला ठाऊक. क्लासच्या सरांना कोण सांगणार?

क्लास कुठल्याही शहरात असो, त्याची वास्तू ठरलेली. खाली झेरॉक्सचं दुकान, वर जिना, जिन्यात लंडनच्या घड्याळाचं आणि टोरोंटोच्या मनोऱ्याचं पोस्टर, आत प्लास्टिकच्या खुर्च्या. सर 'मॉक' घेतात, म्हणजे लुटुपुटूची परीक्षा. प्रत्येकाला एक गठ्ठा मिळतो आणि त्यात 'म्युझिक' नावाची दोन पानं असतात. उत्तरं तयार असतात, फक्त मधे मधे रिकाम्या जागा. 'माय ऑल टाइम फेवरिट सिंगर इज' आणि पुढे टिंबं. परवा एका बॅचमध्ये एका मुलाने फार प्रामाणिकपणे विचारलं, "सर, इथे आनंद शिंदे टाकले तर चालतील?"

"अरे, इमेज बघ जरा इमेज!" सर कळवळले. "एड शीरन टाक. सगळे तेच टाकतात."

"पण सर, मी त्यांचं एकही गाणं ऐकलं नाहीये."

"परीक्षक गायला सांगणारे का तुला?"

या युक्तिवादाला तोड नाही. तेव्हापासून तो मुलगा एड शीरन या नावाचा उच्चार घोटतो आहे. गाणं अजून ऐकलेलं नाही, कारण अभ्यासातून वेळ मिळत नाही.

सरांना उगाच दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी फक्त पुढचं दुकान टाकलं. माल आपण शाळेतूनच बांधून आणलेला असतो. पाचवीत 'माझा आवडता छंद' या निबंधात अख्ख्या वर्गाचा छंद वाचन होता, आणि त्या वर्गाने त्या वर्षी वाचलेलं एकमेव पुस्तक म्हणजे ज्यातून तो निबंध उतरवला ते. आवडता पक्षी मोर. आवडता ऋतू पावसाळा, मग पोराच्या घरात दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी का शिरेना. दहावीला तर 'एकवीस अपेक्षित'ने आपल्याकडून काय अपेक्षित आहे ते छापूनच दिलं. शिवाय शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या की दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, हे कळल्यावर तबल्याच्या वर्गांना जी गर्दी होते ती बघावी. मार्चमध्ये बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की तेच तबले कपाटावर चढतात आणि त्यावर दिवाळीचे आकाशकंदील ठेवले जातात. ज्या घरात आवड गुणपत्रिकेला जोडलेली, तिथला मुलगा आयल्ट्सला एकदम खरं बोलेल अशी अपेक्षा कशी करायची?

खरं सांगायचं तर प्रश्नच आपल्या घडणीचे नाहीत. 'तुम्ही संगीत साधारण केव्हा ऐकता?' असं परीक्षक विचारतो. या प्रश्नामागे एक गृहस्थ आहे. तो संध्याकाळी घरी येतो, बूट काढतो, दिवा मंद करतो आणि ठरवून एखादी तबकडी लावतो. महाराष्ट्रात संगीत केव्हा ऐकायचं हे ऐकणाऱ्याच्या हातात कधीपासून आलं? पहाटे देवळाच्या कर्ण्यावरून अभंग येतो. तो संपायच्या आत घंटागाडी कचऱ्याचं गाणं घेऊन दारात. रिक्षात बसलं तर सीटच्या मागे डोक्याएवढा स्पीकर. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये भजनी मंडळ डब्याच्या पत्र्यावर ठेका धरून आहे, आणि शेजारी उभा असलेला माणूस इअरफोनवर विश्वास नसल्यामुळे मोबाइलवर मोठ्याने कव्वाली ऐकतो आहे. संध्याकाळी बाजूच्या सभागृहात कोणाचं तरी संगीत, म्हणजे लग्नाच्या आधीचं ते संगीत, आणि सोसायटीत कोणाची तरी पन्नाशी, म्हणजे कराओके. कायद्याने ध्वनिवर्धक रात्री १० ते सकाळी ६ बंद. पण सणासुदीला वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री बारा वाजेपर्यंत मुभा देण्याचा अधिकार सरकारला आहे, आणि ते पंधरा दिवस कोणते यावर दर वर्षी जी खेचाखेची चालते तिला जुगलबंदी म्हणायला हरकत नाही. तेव्हा 'केव्हा ऐकता' याचं प्रामाणिक उत्तर एकच: साहेब, रात्री दहापर्यंत. पुढचं पोलीस स्टेशनला विचारा.

हे उत्तर मुलाने दिलं तर? परीक्षक हसेल, मुलगा खुलेल आणि पुढची दोन मिनिटं घंटागाडीवर सहज निघून जातील. पण गठ्ठ्यात घंटागाडी नाही. म्हणून मुलगा सांगतो, 'आय युज्युअली लिसन टू म्युझिक इन माय लेझर टाइम.' या लेझर टाइमचं वेळापत्रक कोणी मागू नये. तो सकाळी सात ते दहा ब्रिज कोर्स, मग नोकरी, मग क्लास असा जगतो आहे. लेझर टाइम हा त्याच्या आयुष्यात फक्त या परीक्षेतच येतो.

'एखाद्या लाइव्ह कॉन्सर्टला गेला आहात का?' हा दुसरा लाडका प्रश्न. कोल्डप्लेने जानेवारी २०२५ मध्ये नव्या मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला कार्यक्रम केले आणि क्लासवाल्यांचा प्रश्न कायमचा सुटला. तेव्हापासून सगळ्या बॅचेस तिथे होत्या. हातातले ते लुकलुकणारे पट्टे, तो जनसागर, अंगावर आलेला काटा, सगळं तपशिलासकट पाठ आहे. एवढे लोक खरंच गेले असते तर हार्बर लाइन अजून रुळावर आली नसती. आणि सांगणारा हा मुलगा कुठला, तर ज्याच्या गावी हरिनाम सप्ताहात सात दिवस अखंड वीणा खांद्यावरून खांद्यावर जाते, खाली ठेवली जात नाही. पहाटे तीनच्या पाळीला वीणेकरी म्हणून तो स्वतः उभा राहिलाय, झोप येऊ नये म्हणून गालावर पाणी मारत. पण ते कॉन्सर्टमध्ये कसं धरायचं? तिकीट कुठे होतं?

आता समजा, मिरजेची एक मुलगी आहे. नर्सिंग केलेलं, इंग्लंडला जायचं, आणि तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला संभाषणात ७ बँड हवेत. तिचं घर सतारमेकर गल्लीत. तलवारी घासणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे सतारी करायला घेतल्या, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला दर वर्षी मोठमोठे गवई हजेरी लावून जातात. या मुलीने ते गाणं लहानपणी आजीच्या मांडीवर पेंगत ऐकलं आहे. तिच्या गल्लीत वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या मधून वाट काढत माणसं चालतात. आणि ही मुलगी खोलीत जाऊन सांगते, 'आय ॲम फॉन्ड ऑफ पियानो म्युझिक, इट इज व्हेरी सूदिंग.' पियानो तिने एका हॉटेलच्या लॉबीत, बंद झाकणाचा, पाहिला आहे.

आजोबांचं सांगितलं असतं तर? आजोबा तानपुऱ्याची जवारी काढतात. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा दोरा सरकवायचा. केसभर इकडे, केसभर तिकडे. एका जागी तो आला की बंद वाटणारा आवाज एकदम उघडतो आणि खोलीभर घुमायला लागतो. तिच्या इंग्रजीत हे असं आलं असतं: 'माय ग्रँडफादर फाइल द ब्रिज. लिटल, लिटल. देन ही पुट थ्रेड. नॉट हिअर. नॉट हिअर. हिअर! देन साउंड ओपन.' व्याकरणाच्या खात्यात कातरी लागली असती, त्यात शंका नाही. क्रियापदांची डागडुजी करायलाच हवी आणि क्लासने खरं तर तेच काम करावं. पण ती शब्द शोधायला थांबली नसती, तिचे डोळे छताला लागले नसते. गंमत म्हणजे नियम सांगतात की पुढे काय बोलायचं याचा विचार करायला माणूस क्षणभर थांबला तर नऊ बँडवाल्यालाही ते माफ आहे. पाठ केलेल्या माणसाला विचारच करायचा नसतो, म्हणून तो थांबतो ते थेट विसरल्यावर.

परीक्षक हा प्राणीही वाटतो तेवढा भोळा नाही. पहिल्या भागात त्याला छापील प्रश्नांच्या बाहेर जाता येत नाही, त्यामुळे 'सूदिंग' तो निमूटपणे ऐकून घेतो. तिसऱ्या भागात त्याचे हात मोकळे होतात. तिथे तो मान तिरकी करून विचारतो, 'सगळ्यांना एकच संगीत आवडायला लागण्याचं कारण काय असावं?' आणि समोरचा उमेदवार, जो स्वतः या प्रश्नाचं जिवंत उत्तर आहे, घाम पुसत म्हणतो, 'म्युझिक इज अ युनिव्हर्सल लँग्वेज.'

शब्दसंपत्तीच्या खात्यासाठी सरांनी वाक्प्रचारही दिलेले असतात. संगीताच्या पानावर 'म्युझिक टू माय इअर्स' सक्तीचं. पण हा वाक्प्रचार संगीताबद्दल बोलताना वापरतच नाहीत, चांगली बातमी ऐकल्यावर वापरतात, हा तपशील झेरॉक्समध्ये पुसट आला आहे. मुलं एड शीरनचं गाणं कानाला संगीतासारखं वाटतं असं सांगून येतात. परीक्षक वहीत काहीतरी टिपतो. प्रश्न समजला नाही तर 'पुन्हा विचाराल का' असं म्हणायची मुभा आहे, पण तेही कोणी म्हणत नाही. आपल्या पणजोबांनी बालगंधर्वांकडून एकेका पदाला वन्स मोअर वसूल केले. पणतवाला हजारोंची फी भरून एक 'पार्डन' मागताना संकोच वाटतो.

एड शीरनवाल्या मुलाचा निकाल लागतो, साडेसहा. सात हवे होते. क्लासमध्ये चिंतन होतं. सर उत्तरं तपासतात आणि निदान करतात की गायकाची निवड कमी पडली, पुढच्या खेपेला ऑपेरा टाकू. पुन्हा फी. कोणाच्याही मनात येत नाही की आनंद शिंद्यांना एकदा संधी देऊन बघावी. त्या मुलाला त्यांच्याबद्दल दोन मिनिटं नव्हे, दोन तास बोलता येतं. जत्रेत कोणत्या वर्षी कोणतं गाणं वाजलं, कोणावर कोण नाचलं, मामाच्या टेम्पोत कॅसेट अडकली तेव्हा पेन्सिल घालून ती कशी फिरवली, सगळं. मित्रांसमोर तो हे मोडक्यातोडक्या इंग्रजीतही सांगतो, हातवारे करून, न अडखळता. सरांच्या टेबलासमोर आला की पुन्हा शीरन.

तूर्त संगीताची ही पानं जुनी झाली आहेत. जानेवारी, मे, सप्टेंबर असे वर्षातून तीनदा प्रश्न बदलतात आणि खालच्या झेरॉक्सवाल्याची दिवाळी होते. नव्या गठ्ठ्यात 'कुकिंग' आहे. सगळ्या बॅचला ऑलिव्ह ऑइलमधला पास्ता करायला आवडतो, तोही स्ट्रेस घालवायला. सोलापूरच्या एका मुलाने रिकाम्या जागेत शेंगाचटणी लिहिली होती. सरांनी ती लाल पेनाने खोडून वर 'पेस्टो' केलंय.