बोट विकणे आहे, अगदी सुसज्ज

लांब पल्ल्याची शिडाची बोट विकायला काढायची असेल तर आधी एक वही घ्यावी आणि बोटीवर आजवर झालेला खर्च तीत मांडावा. मूळ खरेदी, नवी शिडं, सौर पॅनेल, लिथियम बॅटऱ्या, समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, इंजिनाच्या दोन मोठ्या दुरुस्त्या. कोणत्या तरी बंदरात एका पंपासाठी तीन आठवडे अडकून पडलो होतो, ते जेवणखाणही धरावं. खाली रेघ मारून बेरीज करावी आणि मनस्तापाचे म्हणून वर दहा टक्के चढवावेत. झाली आपली किंमत. ती जगात कोणीही देणार नाही, पण सुरुवात कुठून तरी करायला हवी.

पुढच्या विवेचनासाठी नमुना म्हणून १९८० च्या दशकात ताइवानमध्ये बांधलेली ‘तायाना ३७’ घेऊ आणि ती मलेशियाच्या लंकावी बेटावर उभी आहे असं समजू. दोन्ही निवडी विचारपूर्वक केल्या आहेत. तायाना ही रॉबर्ट पेरी या अमेरिकी रचनाकाराची बोट. ३७ फुटी, वजनाला भारी, मागच्या बाजूनेही नाळेसारखीच निमुळती. अशा शेकडो बोटी निघाल्या आणि समुद्र ओलांडून जगभर गेल्या. लंकावी १९८७ पासून करमुक्त आहे. अंदमानच्या समुद्राला तोंड करून बसलेलं हे बेट, त्यामुळे पश्चिमेकडे निघालेले बोटवाले इथे डागडुजीला थांबतात. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा धरायचा, श्रीलंका गाठायची, अरबी समुद्र पार करून तांबड्या समुद्रातून सुएझ आणि मग भूमध्य. नकाशावर एक वीतभर अंतर.

मग कोणीतरी बातम्या लावतं. २०११ मध्ये सोमाली चाच्यांनी ‘क्वेस्ट’ या अमेरिकी शिडाच्या बोटीवरच्या चौघांना ठार मारलं. त्यानंतर अनेकांनी आपल्या बोटी सरळ मालवाहू जहाजावर चढवून तुर्कस्तानला धाडल्या. ते प्रकरण निवळतंय तोवर २०२३ च्या अखेरीस हूथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. उरला आफ्रिकेला वळसा. तिथे अगुल्हासचा प्रवाह नैर्ऋत्येला धावतो, आणि नेमका नैर्ऋत्येचाच वारा त्याच्या अंगावर आला की उठणाऱ्या लाटा मोठ्या जहाजांनाही सोडत नाहीत. एवढं वाचून झालं की भल्याभल्या दर्यावर्दींना नातवंडांची आठवण येऊ लागते. जाहिरातीत याला ‘कौटुंबिक कारणास्तव’ म्हणावं.

जाहिरातीत बोट ‘जगप्रदक्षिणेसाठी सज्ज’ असल्याचं लिहायचंच. ती अर्ध्या प्रदक्षिणेनंतर थांबली आहे हे वाचणाऱ्याला ठिकाणावरून कळतं. फोटो जुने वापरावेत. नव्या फोटोत कठड्यावर टॉवेल वाळत असतो आणि कोणाचा तरी अंगठा येतो.

सामानाची यादी मात्र लांबलचक हवी. चार पानांपेक्षा कमी यादी म्हणजे मालकाने संसार केलाच नाही. नांगर तीन, साखळी सत्तर मीटर, लांब पल्ल्याचा रेडिओ, दोन जीपीएस, बिघडलेला तिसरा जीपीएस (सुट्या भागांसाठी), कागदी नकाशांचा गठ्ठा, जीवरक्षक तराफा, रबरी होडी, तिचं इंजिन, आणि वाऱ्याच्या दिशेवरून आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा. या शेवटच्या वस्तूला मालकाने माणसाचं नाव ठेवलेलं असतं. ती न झोपता, न कुरकुरता, न जेवता महिनोन्महिने सुकाणू धरते, त्यामुळे बोटीवरचा सगळ्यात लाडका सदस्य तीच. तेही नाव यादीत घालावं. खरेदीदाराला त्याच्याशी देणंघेणं नाही, पण आपला हात थांबत नाही.

इथे एक कटू सत्य सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्रास नको. आपल्या यादीतली प्रत्येक वस्तू खरेदीदाराच्या वहीत खर्चाच्या रकान्यात जाते. तराफ्याची तपासणी कधी झाली? पाण्याचं यंत्र किती महिने बंद आहे? (बंद ठेवताना त्याच्या पडद्यात संरक्षक द्रावण भरलं नसेल तर तो पडदा गेला.) रेडिओवर पाच हजार डॉलर घातलेत, असं आपण अभिमानाने सांगतो तेव्हा समोरचा तरुण म्हणतो, ‘‘मी स्टारलिंक बसवणार, हा काढायला किती मजुरी लागेल?’’

तरीही त्याला ‘सुहैली’ची गोष्ट ऐकवावी. ती मुंबईत बांधलेली सागवानी बोट, जेमतेम ३२ फुटी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना ‘संडे टाइम्स’च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी नवी बोट बांधायची होती, पण पैसे उभे राहिले नाहीत. म्हणून १९६८ च्या जूनमध्ये ते तिच्यातूनच फाल्मथहून निघाले. टाकीतलं पाणी खराब झालं, रेडिओवरून बोलणं बंद पडलं, स्वयंचलित सुकाणू मोडून पडलं, फळ्यांच्या फटीतून पाणी येत होतं. २२ एप्रिल १९६९ ला ते परतले. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी दुसरं कोणी पोहोचलंच नाही. ही गोष्ट मात्र मोजूनमापून सांगावी. यादीतली सगळी यंत्रं बंद पडूनही जग फिरता येतं, हे खरेदीदाराच्या लक्षात आलं तर आपल्या चार पानांचं काय करायचं?

आता वास. लंकावीच्या दमट हवेत बंद बोटीत बुरशी धरते, आणि तिच्यात डिझेल नि संडासाच्या नळीचा वास मिसळला की जे काही तयार होतं ते मालकाला येत नाही. बाकी सगळ्यांना येतं. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर खरेदीदाराचा चेहरा बदलतो, तेव्हा सौदा निम्मा मोडलेला असतो. गाद्या उन्हात टाका, कपाटं सिरक्याने पुसा, तळातलं पाणी उपसून कोरडं करा. या मार्गदर्शनातला हा एवढाच सल्ला शब्दशः पाळण्यासारखा आहे.

बघायला येणाऱ्यांपैकी बहुतेक घेणारे नसतात. ते तीन तास बसतात, वादळांबद्दल विचारतात, आपली कॉफी पितात आणि ‘फार शिकायला मिळालं’ म्हणून निघून जातात. खरं गिऱ्हाईक फार बोलत नाही. त्याची बायको निजायच्या जागेची लांबी टेपने मोजते, आणि तो इंजिनाखाली हात घालून बोटांना काय लागतं ते बघतो. इंजिन पर्किन्सचं ४-१०८ असेल तर बोटांना तेल लागणारच. ते गळत नसेल तर संपलं असेल, असं तिथले मेकॅनिक सांगतात.

त्याने इसारा दिला की येतो सर्वेक्षक. सर्वसाधारण रिवाज असा की फी आणि बोट पाण्याबाहेर काढण्याचा खर्च खरेदीदाराचा, आणि बघत उभं राहण्याची शिक्षा आपली. पट्ट्यांवर लटकणाऱ्या बोटीचं पोट बघून झालं की तो वर येतो, गुडघे टेकतो आणि प्लॅस्टिकच्या लहान हातोडीने डेक ठोकू लागतो. कलिंगड घेताना आपण टिचकी मारून कान लावतो, तसा. ताइवानी बोटींच्या डेकवर सागाच्या पट्ट्या असतात. दिसायला देखण्या, अनवाणी पायाला सुखाच्या. त्या शेकडो स्क्रूंनी खालच्या फायबरमध्ये आवळलेल्या आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडाचा छोटा डाट. चाळीस वर्षांत पट्ट्या झिजतात, डाट उडतात आणि प्रत्येक भोकातून पावसाचं पाणी दोन फायबरच्या मधल्या लाकडात उतरतं. टक्, टक्, टक्. आपण श्वास रोखून ऐकतो. टक्, टक्, भद्. सर्वेक्षक काही बोलत नाही, खडूने एक गोल काढतो. अर्ध्या तासात डेकवर इतके गोल होतात की लहान मुलांनी खेळ मांडलाय असं वाटावं. या वेळी हवामानाविषयी बोलत राहावं, असं पूर्वीच्या विक्रेत्यांचं मत आहे. मी म्हणतो, किनाऱ्यावर जाऊन चहा प्यावा. त्या आवाजाशी वाद घालता येत नाही.

नंतर तो डोलकाठीच्या तारांचं वय विचारतो. दहा वर्षांपुढच्या तारा म्हटल्या की विमेवाले मान हलवतात. आपल्याकडे पावती असेल तर दाखवावी. ‘तारा अजून चकचकीत आहेत’ हे उत्तर सर्वेक्षकाने अनेक बंदरांत ऐकलेलं आहे.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. बोट ब्रिटिश नोंदवहीच्या पहिल्या भागात असेल तर तिचे कायद्याने चौसष्ट हिस्से असतात. त्यातले बत्तीस पूर्वाश्रमीच्या पत्नीच्या नावावर असले तर सहीसाठी तिच्याशी गोड बोलावं लागेल. खरेदीदार ती बोट युरोपात नेणार असेल तर मूल्यवर्धित कर भरल्याचा कागद सोन्याच्या मोलाचा. आणि संकटात उपग्रहाला हाक देणारा बीकन नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायला विसरू नका. नाहीतर तो कुठेतरी बुडू लागला की बचाव केंद्राचा फोन अपरात्री तुम्हाला येईल.

शेवटी आकडा. सर्वेक्षकाचा अहवाल हातात घेऊन खरेदीदार जे बोलेल ते ऐकून आपली वही काढण्याचा मोह होईल. काढू नका. दलाल असेल तर बहुधा दहा टक्के त्याचे, डेकची दुरुस्ती वजा, तारा वजा. उरेल त्यात पाण्याचं यंत्र, रेडिओ आणि तिसरा जीपीएस फुकट गेलेले असतील.

तरी घ्या. मरीनाचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं, मग बोट हलो वा न हलो.