मामांचा बेत

भाऊमामांना कुठेही जायचं म्हटलं की आधी वही लागते. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, फूटपट्टीने समास आखलेली. महाबळेश्वरची सहल असो नाहीतर भाच्याची मुंज, वहीत उतरल्याशिवाय त्यांच्या लेखी ती व्हायचीच नाही. "एकदा फायनल करून टाकू," हे त्यांचं पालुपद. ते कानावर पडलं की मामी शांतपणे भाजी निवडायला घेतात. आता एवढ्यात काही फायनल होत नाही, हे त्यांना संसाराच्या अनुभवाने कळलेलं आहे.

मामा-मामी आमच्याकडे व्हर्जिनियात राहायला आले तेव्हा मी बोलून गेलो, "शनिवारी वॉशिंग्टनला स्मिथसोनियनची म्युझियम बघू. फुकट असतात."

मामांची सगळी नोकरी साताऱ्याच्या पोस्टात गेली. फुकट या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. "फुकट? मग चालवतं कोण?" याचं उत्तर मिळेपर्यंत वहीचं पान उलटणार नव्हतं. मी सांगितलं, बराचसा पैसा सरकार देतं. "म्हणजे तुझ्या टॅक्सातूनच की! मग फुकट कसं रे?" पण मुळात पैसे ठेवले ते जेम्स स्मिथसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने, हे कळल्यावर मामा खुलले. या गृहस्थाने उभ्या आयुष्यात अमेरिकेत पाऊल टाकलं नाही. 1829 मध्ये इटलीत वारला आणि त्याच्या इस्टेटीतून 1846 मध्ये वॉशिंग्टनला ही संस्था उभी राहिली. 1904 मध्ये टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने त्याच्या अस्थी जाऊन आणल्या. "बघ," मामा म्हणाले, "न जाता केवढं काम केलं माणसाने!" स्मिथसन त्यांना एकदम घरचा वाटू लागला.

मग आकडेमोड सुरू झाली. म्युझियम एकूण 21. त्यातली दोन न्यूयॉर्कला, ती वजा. दोन नुसती मंजूर झालेली, इमारतीचा पत्ता नाही, तीही वजा. राहिली 17. लाल दगडाचा तो जुना किल्ल्यासारखा कॅसल, जिथे स्मिथसनची कबर आहे, तो तेव्हा दुरुस्तीसाठी बंद. राहिली 16. विमानतळाजवळचं, डिस्कव्हरी यान आणि कॉन्कॉर्ड ठेवलेलं भलंमोठं दालन दुसऱ्या दिवसाच्या खात्यात. प्राणिसंग्रहालय या हिशेबात नाहीच, ते 'इतर' मध्ये. नॅशनल गॅलरी त्याच रस्त्यावर आहे, पण ती स्मिथसोनियनची नाही, हे मामांनी लाल शाईत लिहिलं आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला बजावलं. आमच्या शेजारची मुलगी इथेच जन्मली, वाढली. तिलाही ते ठाऊक नव्हतं.

सगळीकडे सरळ आत जाता येतं हे मामांना जरा बेशिस्त वाटत होतं. विमानांच्या म्युझियमला आणि आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या म्युझियमला वेळ ठरवून पास घ्यावा लागतो म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. पहिल्याचा दुपारी एकचा पास मिळाला. तो फोनवर दाखवला तरी चालतो, पण मामांनी तीन प्रती छापून घेतल्या. एक त्यांच्या खिशात, एक मामींच्या पर्समध्ये आणि एक घरी, "रेकॉर्डला".

मामींची तयारी म्हणजे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पायात कापडी बूट. "काय बघायचं ते तिथे गेल्यावर दिसेलच," असं त्यांचं म्हणणं. मामा यावर काही बोलत नाहीत. इतक्या वर्षांत या माणसाला उत्तर सापडलेलं नाही अशा थोड्या गोष्टींपैकी ही एक.

शनिवारी सिल्व्हर लाइनने स्मिथसोनियन स्टेशनला उतरलो. मॉलवरून, म्हणजे तिथल्या त्या लांबलचक हिरवळीवरून, मामा घड्याळ बघत चालले होते. दहाला दार उघडतं, आम्ही दहाला दहा कमी असताना हजर. नॅचरल हिस्टरीच्या घुमटाखाली भला थोरला आफ्रिकन हत्ती उभा आहे. पोरंसोरं तोंड उघडी टाकून बघत होती. मामांनी हत्तीला चार मिनिटं दिली होती. चौथ्या मिनिटाला ते जिन्याशी होते.

वर होप हिरा. 45.52 कॅरट, निळा, काचेच्या पेटीत गोलगोल फिरणारा. मूळचा गोवळकोंड्याकडच्या कोल्लूर खाणीतला. "आपलाच आहे," मामा म्हणाले, अगदी ताबा घ्यायला आल्यासारखे. पण गर्दी पुढे सरकली तरी मामा हलेनात. वहीत आठ मिनिटं होती, ती कधीच संपली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. हा रजिस्टर पोस्टाने आला, ठाऊक आहे तुला? 1958 साली. न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने साधं पार्सल करून पाठवला."

मामी बाकावर बूट सैल करत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "त्यांच्या वहीत खाली कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय बघ, 'पोस्टल म्युझियम, वेळ उरल्यास.' आधी तिकडेच घेऊन चल. विमानं काही उडून जात नाहीत."

मी वही पाहिली. सगळं पान पेनाने, ते एवढंच पेन्सिलीने.

एकच्या पासाचं काय, हा प्रश्न मामांनी विचारला नाही. मीही काढला नाही. युनियन स्टेशनला लागून 1914 ची पोस्टाची दगडी इमारत आहे, म्युझियम तिच्यात. पूर्वी शहराचं मुख्य पोस्ट तिथेच होतं. आत शिरताच मामांनी शर्ट नीट खोचला. वर बघितलं, संगमरवर बघितला, जुन्या खिडक्यांवर एकदा हात ठेवला. कुठलीही मिनिटं मोजली नाहीत.

आणि मग ते वेष्टन. ज्यात हिरा आला तो खाकी कागद, इथे काचेत लावून ठेवलेला. तिकडे हिरा बघायला जशी झुंबड होती तशी इथे नव्हती. मामा, मी आणि एक पेंगुळलेलं पोर. मामांनी चष्मा पुसला, आकडे वहीत उतरवले. टपालखर्च 2 डॉलर 44 सेंट, दहा लाखांच्या विम्यासकट एकूण 145 डॉलर 29 सेंट. वजाबाकी केली, विम्याचे 142 डॉलर 85 सेंट वेगळे काढले आणि मान डोलावली. हिशेब पटला होता.

मग तिथल्या स्वयंसेविका बाईंकडे वळून ते माझ्या कानात म्हणाले, "विचार तिला, याची पोच कुठे आहे?"

"कसली पोच?"

"पोचपावती रे! दहा लाखांचा विमा उतरवलेलं रजिस्टर. माल घेणाऱ्याची सही परत गेली असेल ना? ती कुठे लावलीय?"

मी जमेल तसं भाषांतर केलं. बाई फार गोड हसल्या, म्हणाल्या, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, मी नक्की चौकशी करते. मामांना यात आश्वासन दिसलं, तारीख दिसली नाही. घरी आल्यावर त्यांनी म्युझियमला रीतसर पत्र लिहिलं, मी इंग्रजी तपासलं. उत्तर न आल्यास पहिलं स्मरणपत्र कधी धाडायचं, दुसरं कधी, तेही वहीत लिहून झालंय. पेनाने.