अपॉस्ट्रॉफी लावली की झाला परग्रहवासी?

अंतराळातला कुठलाही मोठा गेम उघडा. पात्र घडवायच्या पडद्यावर कपाळाची उंची, जबड्याची रुंदी, कातडीचा रंग, शिंगांचा बाक, सगळं हवं तसं कमी-जास्त करता येतं. नावाच्या रकान्याशेजारी मात्र फाशाचं चित्र काढलेलं एक बटण असतं. दाबलं की झोरॅक्स. पुन्हा दाबलं की झा'रेल. तिसऱ्यांदा दाबलं की क्झिरॉन. खवल्यांवर चित्रकारांनी महिनोन्‌महिने घाम गाळलेला असतो आणि नाव दोन सेकंदांत उरकलेलं असतं. मला याचा राग येतो. चेहरा लढाईत शिरस्त्राणाखाली झाकला जातो, पण नाव शंभर तासांच्या खेळात पहिल्यापासून शेवटपर्यंत कानावर पडत राहतं.

परग्रहवासीयांच्या नावांची पाककृती आता पाठ झाली आहे. एक झ, एक क्स, मध्ये अपॉस्ट्रॉफी, शेवटी कडक व्यंजन. इंग्रजी डोळ्यांना अनोळखी दिसलं की काम झालं. हल्ली तर एआयला सांगितलं की अशी दोनशे नावं चहा निवायच्या आत मिळतात आणि दोनशेही एकाच पिठाची निघतात. अपॉस्ट्रॉफीशी माझं वैर नाही. मार्क ओक्रँड यांनी 'स्टार ट्रेक'साठी क्लिंगॉन भाषा बांधली, १९८५ साली तिचा शब्दकोशही निघाला. त्या भाषेत हे चिन्ह घशात हवा क्षणभर अडवून काढायच्या आवाजासाठी आहे. तिथे ते अक्षर म्हणून राबतं. बाकी ठिकाणी नुसतं मिरवतं.

तोंडाचा विचारही कुणी करत नाही. 'हेलो'मधल्या सँगहेली योद्ध्यांना ओठ नाहीत, चार सुटे जबडे आहेत. त्यांच्यातल्या सर्वांत गाजलेल्याचं नाव थेल 'वदाम. 'म' म्हणायला ओठ मिटावे लागतात. जे ओठ चित्रकाराने काढलेच नाहीत, ते लेखकाने गृहीत धरले. दोघं एका टेबलाशी बसले असते तर हे झालं नसतं.

पण त्याच सँगहेलींच्या नावात एक गोष्ट फार चांगली जमली आहे. कॉव्हेनंट नावाच्या धर्मसत्तेच्या सैन्यात असेपर्यंत त्यांच्या नावाला शेवटी 'ई' लागते, म्हणून थेल आधी 'वदामी असतो. धर्मसत्तेशी फाटल्यावर ती 'ई' गळते. एक स्वर काढून टाकला आणि अख्खं बंड सांगून झालं. यालाच मी नाव ठेवणं म्हणते. आधी त्या जमातीत माणूस कुणाचा मानला जातो ते ठरवायचं, आवाज मागाहून.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण बायोवेअरच्या 'मास इफेक्ट'मध्ये आहे. पहिला भाग २००७ चा. त्यातली क्वेरियन जमात स्वतःच्या ग्रहावरून हुसकली गेली आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या जहाजांच्या ताफ्यात राहते आहे. जमीन नाही, गाव नाही, म्हणून नावात जहाज आलं. टाली'झोरा नार राया या नावात टाली हे तिचं, झोरा हे कुळाचं, आणि 'नार राया' म्हणजे राया जहाजावर जन्मलेली. (इथली अपॉस्ट्रॉफीसुद्धा कामाची आहे, नाव आणि कूळ ती वेगळं करते.) वयात आल्यावर प्रत्येकाने ताफा सोडून बाहेर भटकायचं, जमातीच्या उपयोगाचं काहीतरी कमवून परतायचं आणि ते एखाद्या कप्तानाला अर्पण करायचं. त्याने ठेवून घेतलं की 'नार' जाऊन 'वास' येतो, म्हणजे या जहाजाच्या माणसांपैकी. टाली अशी 'वास नीमा' होते.

आता दुसऱ्या भागात, २०१० मध्ये, या नियमाचं लेखकांनी काय केलं ते पाहा. टालीवर देशद्रोहाचा आळ येतो. सुनावणीसाठी ती ताफ्यात परतते. दारात तिला तिची रान मावशी भेटते, जी पंचमंडळावरही आहे. मावशी मायेने हाक मारते, पण हाक असते 'टाली'झोरा वास नॉर्मंडी'. नॉर्मंडी हे माणसांचं जहाज. टाली थबकते, विचारते, आणि कळतं की मंडळाने तिला न सांगता तिचं जहाज बदललं आहे. खटला उभा राहण्याआधीच तिला परकी करून टाकलंय. हद्दपारीचा शब्दही कुणी उच्चारलेला नाही. एवढ्यावर थांबत नाही हे. जहाज नॉर्मंडी असेल तर रिवाजाप्रमाणे बाजू मांडायची तिच्या कप्तानाने, आणि नॉर्मंडीचा कप्तान म्हणजे आपण, खेळणारे. तिला दूर लोटायला दिलेलं नाव तिच्या बचावाचं दार उघडतं. हा सगळा प्रसंग नावाच्या एका नियमावर उभा आहे. तो नियम काढून घेतला तर खाली चार संवाद आणि एक गोळीबार उरेल.

त्याच गेममधल्या क्रोगन जमातीत टोळीचं नाव आधी आणि आपलं नंतर, जसं अर्डनॉट रेक्स. प्रयोगशाळेतल्या टाकीत वाढवलेला एक क्रोगन बाहेर येतो तेव्हा त्याला ना आई, ना बाप, ना टोळी. डोक्यात भरलेल्या शब्दांतून तो अर्थाचं ओझं नसलेला एक शब्द उचलतो, ग्रंट. पुढे टोळीच्या कसोटीत तो तगतो तेव्हा त्याच्या निरर्थक नावापुढे अर्डनॉट लागतं. मी पाहिलेल्या खेळांमध्ये इतकं मन लावून केलेलं बारसं दुसरं नाही.

सलारियनांच्या पूर्ण नावात ग्रह, राष्ट्र, शहर, वस्ती, कूळ आणि मग स्वतःचं नाव येतं. हानार जमातीत चारचौघांसाठी एक नाव आणि जिवलगांसाठी दुसरं. ट्युरियनांना रोमन छापाची नावं दिली आहेत, सारेन आर्टेरियस, गॅरस व्हकेरियन. शिस्तीची लष्करी जमात आहे हे पाश्चात्त्य खेळाडूला झटकन कळावं म्हणून. काम भागतं, पण तो उसना माल आहे.

फासे टाकून नावं काढणंही मला वर्ज्य नाही, मात्र फाशाला व्याकरण हवं. मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' हा टेबलावर खेळायचा खेळ १९७७ चा. त्याच्या पुढच्या पुस्तिकांमध्ये एकेका परग्रही जमातीसाठी वेगळे तक्ते दिले होते: कोणती व्यंजनं अक्षराच्या सुरुवातीला येतात, कोणते स्वर मध्ये, शेवटी काय चालतं. कुत्र्यांच्या वंशातल्या व्हार्गरांचं नाव आणि सिंहासारख्या दिसणाऱ्या अस्लानांचं नाव ऐकताक्षणी वेगळं वाटतं, कारण तक्ते वेगळे. खेळणाऱ्याने मध्यरात्री उभा केलेला एखादा किरकोळ दुकानदारसुद्धा त्यामुळे आपल्या जमातीचा वाटतो.

१९८४ चा 'एलिट' याहून कंजूष परिस्थितीत झाला. डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांना ३२ केबी स्मृतीच्या संगणकात आठ आकाशगंगा बसवायच्या होत्या, प्रत्येकीत २५६ ग्रहमंडळं. नावं साठवायला जागाच नव्हती, म्हणून अक्षरांच्या जोड्या एकमेकींना जोडून यंत्राने ती तिथल्या तिथे तयार केली. लाव्ह, डिसो, लीस्टी अशी नावं आजही जुने खेळाडू आपल्या गल्लीसारखी सांगतात. एका आकाशगंगेत मात्र यंत्राने इंग्रजीतली एक शिवी ग्रहाला ठेवली, तेव्हा ती आकाशगंगाच रद्द करावी लागली. यंत्र जुळवू शकतं, ऐकू शकत नाही. शेवटचा कान माणसाचा लागतो.

परग्रहवासीयांचं एक वेळ सोडून देते. खरी लाज माणसांच्या नावांत आहे. दोनशे वर्षांनंतरची मानवजात म्हणे एक झाली, सूर्यमालेबाहेर पोचली, आणि जहाजावर पाहावं तर जॅक, केट, मार्कस. 'मास इफेक्ट' २१८३ मध्ये घडतो. त्यातल्या नायकाचं पहिलं नाव आपण हवं ते ठेवावं, आडनाव शेपर्डच राहतं, १९६१ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकनाच्या नावावरून. आडनाव पक्कं ठेवायचं कारण व्यवहाराचं आहे. नटांनी संवाद आधीच बोलून ठेवलेले असतात, प्रत्येक खेळाडूचं नाव त्यांना कसं घेता येणार? पण इच्छा असली की मार्ग निघतो. 'फॉलआउट ४'मध्ये घरकाम करणारा यंत्रमानव कॉड्सवर्थ खेळाडूला नावाने हाक मारतो; त्यासाठी नऊशेहून अधिक नावं बोलून घेतली होती.

भारतीय नावांची गत तर जुनीच. 'स्टार ट्रेक'ने १९६७ मध्ये खान नूनियन सिंग आणला. मालिकेतली इतिहासतज्ज्ञ त्याला उत्तर भारतातला, बहुधा शीख, म्हणते. पुढे खान, मागे सिंग, मध्ये नूनियन. गोष्टीत त्याने राज्य केलं ते १९९० च्या दशकात, म्हणजे नावं झिजून बदलायला काळच नव्हता. पंजाबातल्या कुणाला एक प्रश्न विचारला असता तरी हे टळलं असतं. याउलट 'द एक्स्पान्स'. ही गोष्ट मुळात गेमसाठी रचलेली, पुढे कादंबऱ्या आणि मालिका झाली. त्यातली पृथ्वीची मुरब्बी राजकारणी क्रिसजेन अवसरला. अवसरला हे अस्सल तेलुगू आडनाव. क्रिसजेन आपल्याकडे कुणी ऐकलेलं नाही, पण काही शतकांनी नाव असं होऊ शकतं, हे मला पटतं. आणि मंगळावरचा ॲलेक्स कमाल टेक्सासच्या हेलाने बोलतो, कारण तो तिथल्या ज्या दरीतला, त्या दरीत भारतीय, चिनी आणि टेक्सासचे लोक एकत्र वसले होते. नावाने आणि हेलाने मिळून एका वसाहतीचा इतिहास सांगितला.

अलीकडे बरं चाललंय. 'व्हॅलोरंट'मध्ये २०२२ साली पाणी वळवणारा हार्बर आला, त्याचं खरं नाव वरुण बात्रा. 'एपेक्स लेजेंड्स'मधली भिंती उभारणारी रॅमपार्ट म्हणजे रम्या पारेख, खऱ्या नावातूनच टोपणनाव ओढून काढलेलं. 'ओव्हरवॉच'मधली सिमेट्रा हैदराबादची सत्या वासवानी आहे. वासवानी म्हटलं की सिंध आठवतो, फाळणी आठवते, सारं सोडून आलेली घरं आठवतात. गेमने त्यातलं काही सांगितलं असतं तर ती आणखी जवळची झाली असती. पंजाबी, गुजराती, सिंधी, तेलुगू झाले. मराठी नाव शोधायला बसावं लागतं.

आणि मालाला आपल्याकडे काय तोटा आहे? गावावरून पडलेली आडनावं, वतनावरून पडलेली आडनावं, पाळण्यातलं नाव, राशीचं नाव, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव आणि ते लिहू द्यायला ठाम नकार देणाऱ्या मुली. शिवाय नियम आपल्या डोळ्यांदेखत बदलतो आहे. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव. बाविसाव्या शतकातल्या गुरूच्या चंद्रावर एखादी मराठी खाणकामगार उभी करायची असेल तर हा क्रम तिच्या बिल्ल्यावर दिसला पाहिजे. एका ओळीत तीन पिढ्यांचं राजकारण येईल.

पुण्यातल्या सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये आला. विरलोक नावाचं जग, मोरनी, सर-ताज अशी पात्रं. ती मला आवडतात, कारण उच्चारताना तोंड वाकडं करावं लागत नाही. तरी ही अजून बिरुदंच आहेत. मोरनीचं कूळ कोणतं, तिला घरात काय म्हणतात, रागावल्यावर कोणत्या नावाने हाक येते, हे कळायला हवं. विज्ञानकथेत आपण काही उपरे नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांना ओळख लागली नाही आणि पहिलं बक्षीस मिळालं. टोपणनाव घेतानाही त्यांनी नियम पाळला.

पुण्या-मुंबईत गेम करणाऱ्या मुलामुलींना माझं एकच सांगणं आहे. पुढच्या गेमच्या अंदाजपत्रकात खवले रंगवणाऱ्याच्या पगाराखाली नावं ठेवणाऱ्या लेखकाचाही पगार लिहा, आणि त्याला पहिल्या दिवसापासून चित्रकाराशेजारी बसवा.