वरचा रुपया

ऑनलाइन लिलावात शेवटच्या काही सेकंदांत बोली मारणाऱ्याला स्नायपर म्हणतात. मी स्वतःला तेच म्हणवून घेतो. घरचे 'बाबांचं चाललंय' एवढंच म्हणतात. माझं शिकारीचं क्षेत्र म्हणजे जुन्या शिवराया, तांब्याची नाणी.

परदेशातले जाणकार सांगतात, लोक ५०० ला थांबतात, तुम्ही किंचित वर जा. हा सल्ला मराठी मुलखात कुचकामी आहे. इथे ५०० म्हणतोच कोण? आपल्याकडे ५०१. वर्गणी, दक्षिणा, आहेर, सगळीकडे तो वरचा रुपया लागतोच. ऐनवेळी सुटा सापडत नाही म्हणून रुपया चिकटवलेली पाकिटं मिळतात. आमच्या आत्याच्या मते वर रुपया असला की आत काय आहे ते फारसं कुणी बघत नाही. तिच्या पाकिटावरचा रुपया सुटून पडला, तर निम्मा आहेर गेला असं आम्ही म्हणायचो. तर सांगायचं म्हणजे, ५०१ वर ही झुंबड. त्यात कमाल बोली सारखी असली तर आधी लावणारा जिंकतो, म्हणजे स्नायपर मेलाच. म्हणून मी ५०७. मग कुणीतरी ५११.

दुसरा डाव शुद्धलेखनाचा. विक्रेत्याने 'शिवराई'चं 'शिवारी' केलं की ते नाणं कुणाला सापडत नाही, म्हणून मी मुद्दाम अशुद्ध शोधतो. तिथेही 'र*४' नावाचा एक बोलीवाला आधीच हजर! याचंही व्याकरण माझ्याइतकंच हेतुपुरस्सर कच्चं.

खरं तर अशा डावांची गरजच नाही. विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्येच दाखवून दिलं होतं, की जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची बोली भरायची असेल, तर आपल्याला वाटते ती खरी किंमत लिहावी आणि स्वस्थ झोपावं. ईबेची आपोआप चढणारी बोली बरीचशी याच तत्त्वावर चालते. पण खरी किंमत मला कुठे ठाऊक असते? दुसऱ्याने मागितल्याखेरीज मला ते नाणं हवंसंच वाटत नाही.

कधी कधी वाटतं, र*४ हा विक्रेत्याचा मेव्हणाच असावा, भाव चढवायला बसवलेला. याचा मात्र मला मनापासून संताप येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात उकिडवं बसून घासाघीस करताना निदान लबाडाचं तोंड दिसायचं. आणि नाणं तळहातावर यायचं. शिवराईचा ठसा नाण्याहून मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव' अख्खं क्वचितच उमटतं. कुठे 'राजा' कडेला कापलेला, कुठे 'शिव' अर्धा. उरलेली अक्षरं अंगठ्याने चाचपायची. कुणाकुणाच्या कनवटीला राहून, मीठमिरचीपायी हातोहात फिरून ते तांबं गुळगुळीत झालेलं असतं. स्क्रीनवर यातलं काही हाताला लागत नाही. तिथे फक्त उलटे धावणारे सेकंद.

असो. सध्या दुदांडी प्रकारची एक शिवराई लिलावाला लागली आहे. लिलाव रात्री पावणेतीनला संपतो. र*४ आत्तापासूनच ५५१ वर ठाण मांडून आहे. बसू दे. मी गजर लावलाय आणि घरात सांगितलंय, उद्यापासून पहाटे फिरायला जाणार.