म्हाताऱ्या मॅकची बडदास्त

१९८९ साली आलेला मॅकिंटॉश एसई/३० संगणक उघडायचा, तर आधी लांब दांड्याचा टॉर्क्स स्क्रू-ड्रायव्हर पैदा करा. मालकाने आत डोकावूच नये, याची ती चोख व्यवस्था. आत बघावं तर बॅटरीने फुटून बोर्ड खाल्लेला, कपॅसिटर पाझरलेले. जुन्या मॅकचा भक्त एकेक कपॅसिटर उपटून नवा डकवतो, हार्ड डिस्कच्या जागी एसडी कार्ड बसवतो, मेमरी थेट १२८ एमबीवर नेतो. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! (पिक्चर ट्यूबचा शॉक वेगळा, तो फुकट.) मग एकदाचा ९ इंची काळ्या-पांढऱ्या पडद्यावर हसरा मॅक उमटतो. घरचे विचारतात, “यावर यूट्यूब दिसतं का?” भक्ताला ऐकू येत नाही. तो पुढचा बंद पडलेला मॅक शोधतोय.